हिरवा टॅब

नंदा सिस्टरच्या बदलीचं पत्र दवाखान्याच्या साहेबांच्या टेबलावर तयार होतं. फक्त सही बाकी होती. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला चादरींच्या स्टोअरमध्ये पाठवणार होते. कारण, तिला म्हणे कॉम्प्युटर जमत नाही.

वॉर्डातल्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी बनवलेलं होतं. दिलेल्या गोळ्या नंदा सिस्टर त्यात भलत्याच पानावर लिहायची. दुपारच्या सिस्टरला नोंद कोरी दिसली आणि तिनं पेशंटपुढे तीच गोळी पुन्हा धरली. पेशंटच म्हणाला, सकाळी घेतली, म्हणून निभावलं.

साहेबांनी फोनवर विचारलं, सॉफ्टवेअर बरोबर आहे ना? मी छातीठोकपणे हो म्हणालो आणि ते सिद्ध करायला सिंदी मेघेहून स्कूटरनं दवाखान्यात पोचलो.

टॅब म्हणजे फाइलमधल्या पुठ्ठ्याचे कान. धरला की ते पान उघडतं. माझ्या स्क्रीनवर दोन होते, 'नोंद' आणि 'तपशील'. उघडा हिरवा, मिटलेला पांढरा. त्या हिरव्यापायी मी आठवडा घालवला होता, बायकोकडून तीनदा 'छान' वदवून घेतलं होतं.

सिस्टर स्क्रीनसमोर बसली. 'नोंद' उघडीच होती, हिरवीगार. तिनं शांतपणे 'तपशील' दाबला आणि तिथे गोळ्या लिहायला लागली.

"सिस्टर, तिकडे काऊन गेल्या?"

"हे हिरवं हाये ना जी. हिरवं म्हणजे झालं. झालेल्यात पुन्हा काय लिहू? पांढरं ते बाकी, त्यात लिहायला घेतलं की तेही हिरवं होते."

तिनं खाटांकडे बोट दाखवलं. औषध देऊन झालं की प्रत्येक फाइलला हिरवी चिठ्ठी. गंमत म्हणजे मी हिरवा रंग या चिठ्ठ्या बघूनच उचलला होता. ओळखीचा वाटेल म्हणून. चिठ्ठी कशाची, ते विचारलं नव्हतं.

सिस्टरला घेऊन साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे कॉम्प्युटर कोणाला जमत नाही?"

त्यांनी बदलीचं पत्र उलटं केलं आणि सिस्टरपुढे सरकवलं. टॅबची नावं तुम्हीच लिहा म्हणाले. कोऱ्या बाजूवर तिनं लिहिलं, 'औषध दिलं' आणि 'पेशंटची माहिती'.

मी हिरवा काढला. उघडा टॅब खालच्या पानाला सलग जोडला, मधली रेघ पुसली. मिटलेला फिका करून मागे सारला. महिनाभर एकही नोंद चुकली नाही. सिस्टर वॉर्डातच आहे.

आता बायकोला मी एवढंच विचारतो, यातलं उघडं कोणतं? ती 'छान' म्हणाली की पुन्हा कामाला बसतो.