एफ अक्षराखालचे बाबा

परदेशातल्या दवाखान्यांमधले रोग्यांचे कागद आमच्या कंपनीत संगणकावर येतात. ते वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक लावायचा, हे माझं काम. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. आमच्या हैदराबादेत गल्लोगल्ली त्याचे क्लास आहेत. हाड मोडलं तर क्रमांकाआधी एस, साखर वाढली तर ई, आणि दारूचं व्यसन असेल तर एफ. एफ म्हणजे मानसिक आजारांचं प्रकरण. कित्येक वर्षं मी अनोळखी माणसांच्या व्यसनाला चहा पिता पिता एफ लावत आले. एकदाही हात अडखळला नाही. घरी मात्र बाबांच्या पिण्याला आम्ही 'सवय' म्हणायचो.

बाबा सिकंदराबादला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे परभणीकडचे, पण चाळीस वर्षं मलकपेठेत काढलेली. दर रविवारी विहारात वंदना तेच सांगत, खणखणीत आवाजात. पंचशीलातली चार शीलं मोठ्यानं म्हणायचे आणि दारूपासून दूर राहण्याचं पाचवं आलं की ओठ मिटून उभे राहायचे. बाकीचे म्हणून घेत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. आता ते पाळायचं तर पाचवं म्हणता येत नाही. तूच सांग काय करू?"

एका जानेवारीतल्या रविवारी ते मेणबत्ती पेटवायला पुढे झाले आणि काडी वातीपर्यंत पोचेना. हात लटलट कापत होता. थंडीत अंगावरचा पांढरा शर्ट घामानं चिकटला होता. मी धावले, तोवर ते खाली बसले. ऑटोत घालून दवाखान्यात नेताना हळूच म्हणाले, "शुक्रवारपासून थेंब घेतला नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. आज पाचवं म्हणणार होतो."

तपासणाऱ्या डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर पाठवलं. जिना चढून बाबांनी पाटी वाचली आणि जागीच थांबले. पाटी मानसोपचार विभागाची होती.

"मी बेवडा असेन, पण हौला नाही," ते म्हणाले. वेड्याला आमच्याकडे हौला म्हणतात. "चल खाली."

"बाबा, दारूचे पेशंट इथंच बघतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. रोज हेच तर लिहिते मी ऑफिसात. दारूचं व्यसन, एफ. मानसिक आजार."

"म्हणजे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं?"

अनोळखी माणसांचं निदान मला बिनचूक जमत होतं आणि घरातल्या माणसाचं सुचलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात आतून हाक आली म्हणून सुटले.

तिथल्या डॉक्टर तेलुगू होत्या, माझ्याच वयाच्या. बाबांशी मात्र आमच्या दखनीतच बोलल्या. बाबांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं, "पहले ये बताओ डॉक्टरसाब, ये बीमारी है के गुनाह?"

"बीमारी है अंकल. सजा सुनाने को नहीं बैठी मैं, इलाज करने को बैठी हूँ."

मग त्यांनी नीट समजावलं. बरीच वर्षं प्यायल्यावर मेंदू दारूला धरूनच चालायला शिकतो. ती एकदम तोडली की हात कापतात, कधी झटके येतात, जिवावरही बेततं. म्हणून स्वतःच्या मनानं सोडायची नाही, औषधाखाली सोडायची. आठ-दहा दिवस भरती व्हावं लागेल.

बाबांचं समाधान झालं नाही. संध्याकाळी आई डबा घेऊन आली तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या ते तिला म्हणाले, "आजार म्हटलं की माझी चूक पुसली जाते. तुझ्या बापाच्या जलदानविधीला मी पिऊन आलो होतो. ती काय मेंदूची चूक? माझी होती. मला पळवाट नको."

आई भाकरी मोडत होती. "पुसा म्हणतंय कोण? ते मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. पण मला शुगर निघाली तेव्हा लाडू कुणी खाल्ले म्हणून भांडलात का? सकाळची गोळी घेतली का, एवढंच विचारता ना रोज? तसंच मीही विचारणार. जेवा आता."

बाबा जेवले. या वादात आईनं जे सांगितलं, त्याच्या पलीकडचं मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा हात स्थिर झाला आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. वॉर्डातल्या एका बस ड्रायव्हरचा रजेचा अर्ज, एका सोनाराचं बायकोला माफीचं पत्र, असं सगळं ते लिहून देऊ लागले. स्वतःच्या अर्जावर मात्र अडले. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, कावीळ लिहा, कुणी विचारणार नाही. बाबांनी लिहिलं, 'मद्यासक्ती या मानसिक आजारावरील उपचारासाठी.' मला दाखवत म्हणाले, "एफच्या पुढचा नंबर काय, तोही टाकतो."

"नको बाबा, एवढं पुरे."

घरी आल्यावर खरी गंमत झाली. आईनं शेजारच्या काकूंना ऑपरेशनचं सांगून ठेवलं होतं. काकू मऊ भाताची खिमटी घेऊन हजर. खाटेशी बसल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "भाऊजी, टाके किती पडले?"

आई दारामागून खाणाखुणा करत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाके नाहीत वहिनी. दारूसाठी भरती होतो. मानसिक विभागात."

काकूंच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. आई आत निघून गेली. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत बोभाटा होणार. काकू पदरानं तोंड पुसून हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं कोणत्या वारी बघतात?"

काकूंचे यजमान रोज घेतात हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे काकूंना माहीत नव्हतं.

पुढचं सगळंच सरळ झालं असं नाही. बाबांनी विहारात पाच महिने पाचही शीलं म्हटली. मग नांदेडकडच्या एका लग्नात पाय घसरला. त्यांनी स्वतः तिथून मला फोन केला, "पोरी, घेतली आज. डॉक्टरला फोन लाव." पुढच्या रविवारी ते पुन्हा चारवर थांबले. डॉक्टर रागावल्या नाहीत. एखाद्याची शुगर पुन्हा वाढते तसं हे, म्हणाल्या, आणि गोळी बदलून दिली. त्यालाही आता तीन वर्षं होत आली.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाबा आणि काका, म्हणजे काकूंचे यजमान, मेट्रोनं दवाखान्यात जातात. काका पहिल्यांदा गेले तेव्हा पाटीपाशी तेही अडले होते. "हम हौले हैं क्या?" म्हणून. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "मला काय विचारता? आत एक पोरगी बसलीय, तिला विचारा. मी भांडून पाहिलंय, ऐकत नाही." येताना दोघं गौलीगुड्यात उतरून मिरची भजी खातात. भज्यांना मनाई नाही, असं दोघंही शपथेवर सांगतात. काकू आणि आईनं मिळून डॉक्टरांना विचारायचं ठरवलंय.