हरतालिकेची पत्री

पत्रीला डोंगरावर जाणं ही आमची वर्षातली एकुलती एक सहल. एरवी आम्हां बायकांना तलावापलीकडे कोण पाठवतंय? पण हरतालिकेच्या पूजेला नाना झाडांची पानं लागतात, तीही त्याच सकाळी खुडलेली, म्हणून येऊरची वाट त्या एका दिवसापुरती आम्हांला मोकळी असे. परसात आघाडा माजलेला असला तरी त्याला कुणी हात लावत नसे. डोंगरावरचाच हवा, असं सासवांसमोर गंभीर तोंड करून सांगायचं आणि चढण लागली की फिदीफिदी हसायचं.

माझी थोरली बहीण ठाण्यातच दिलेली. त्या वर्षी श्रावणभर तिला हिवताप होता, नुकतीच उठून बसू लागली होती. आईने तिच्या सासूकडे निरोप धाडला की यंदा पोरीला घरीच राहू द्या. सासूबाईंचं म्हणणं, मुलाचा खोकला आषाढापासून हटत नाही, अशा वर्षी पत्री बायकोच्याच हातची हवी आणि उपासही कडकडीत हवा, पाण्याचा थेंब नको. खरं सांगते, ताईलाही जायचंच होतं. डोंगरावरच्या धबधब्याचं तिला वेड होतं.

पाऊस थांबून ऊन पडलं होतं, अंगाची नुसती काहिली होत होती. सासूबाई पुढे, मागे आळीतल्या चौघी, आणि ताईचा हात धरून मी. माथ्यावरून कोलशेतची खाडी दिसते तिथे दरवर्षी टेकायचो, तशा टेकलो. ताई खाडीकडे न बघता डोळे मिटून बसली. तिचा हात चटका बसावा इतका तापला होता. मी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, चढून आल्यावर तापतंच अंग.

धबधब्याशी पोचल्यावर मी आधी पोटभर पाणी प्यायले. लहान म्हणून मला चालत होतं. मागे वळले तर ताई माझ्याकडे बघत होती.

"घोटभर दे गं," ती म्हणाली.

मी ओंजळ भरून नेली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर मला पुढे इतका संताप आला नसता. ताईच्या शेजारी बसून त्यांनी अगदी मायेने विचारलं, "नवऱ्याच्या आयुष्यातला घोट घेशील का, बाळ?"

ताईने मान हलवली. माझ्या बोटांतून पाणी गळून गेलं. मग सगळ्यांनी तिच्या डोक्यावर, पायांवर तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. अंगावर घेतलेल्या पाण्याने व्रत मोडत नाही ना! केसांतून ओघळून थेंब ओठांवर यायचे आणि ताई ते पदराने पुसून टाकायची. उठायला गेली ती तिथेच कोसळली. मोळीवाल्यांनी घोंगडीची झोळी करून तिला खाली आणलं. पत्रीची टोपली मात्र कुणी विसरलं नाही.

भावोजी पुढे सत्तरी ओलांडून गेले. त्या वर्षीच्याच मार्गशीर्षात दुसरं लग्नही झालं त्यांचं. आळीत अजून म्हणतात, पहिलीचं व्रत फळलं. फळलं असेल. मला ऐकवत नाही, मी उठून आत जाते.

त्या दिवशी दिवेलागणीला ताईने ओटीवरच प्राण सोडला. पूजा व्हायची होती, पारण्याला अख्खी रात्र होती. सासूबाई हंबरडा फोडून रडल्या, ते रडणं खोटं नव्हतं. मग डोळे पुसून त्या देवघरात गेल्या, गंगाजलाची लोटी आणि तुळशीचं पान घेऊन आल्या. ताईचे दात घट्ट मिटले होते, बोट घालून ते उघडावे लागले. पाणी तोंडात राहिना, गालावरून उशीवर ओघळलं. सासूबाईंनी पुन्हा लोटी कलती केली आणि म्हणाल्या, "पी बाळ, पी."