बांधावरची नर वेल

धूलकोटजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर कटुर्ल्याच्या वेली आहेत. काही लोक कर्टुली म्हणतात. मुरमाड जमीन. त्या कुणी लावल्या नाहीत, त्यांना पाणीही कुणी घालत नाही. उन्हाळ्यात वेल वाळते, कंद जमिनीखाली जिवंत राहतो. पाऊस उशिरा आला तर कंद थांबतो. केळी थांबत नाही. हल्ली उन्हाळा असा तापतो की ठिबक चालू असूनही केळीची पानं भाजतात, आणि ट्यूबवेल पाण्याऐवजी हवा ओकते.

मागच्या श्रावणात मुलगा म्हणाला, "माय, बांध फुकट पडलाय. जेसीबी सांगतो. केळीच्या दोन ओळी जास्त बसतील."

"कटुर्ली खातोस तेव्हा फुकटची लागत नाहीत."

"खायला मिळाली तर ना. या साली एक तरी दिसलं का? पोळ्यापर्यंत बघतो, नाही तर बांध सपाट."

तो खोटं बोलत नव्हता. फुलं भरपूर होती. फुलाखालचं बारकं काटेरी फळ मात्र पिवळं पडून गळायचं.

सून माझ्याबरोबर वेली बघत होती. कामाला वाघीण आहे, तिच्या हातून गवताची काडी सुटत नाही. म्हणाली, "आई, मी तर गेल्या साली सगळं साफ केलं होतं. नुसत्या फुलणाऱ्या वेली कंदासकट उपटल्या. फळवाल्यांना जागा केली."

"सगळ्या?"

"एकही नाही ठेवली."

कटुर्ल्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. नराला फळ लागत नाही, पण त्याच्या फुलाची धूळ मिळाल्याशिवाय मादीचं फळ धरत नाही. सुनेचं माहेर तापीकाठचं, सगळी केळीच. केळीत बुडाशी फुटलेलं जे पील घड न देता आईचं खातं ते कापायचं, हेच ती लहानपणापासून बघत आली. तिचा काय दोष?

तिचं तोंड उतरलं. "म्हणजे बांध माझ्यामुळे जाणार."

"तोंड पाडून फळ धरत नाही. उद्या डोईफोडियाला चल."

तिथे जंगलाला लागून माझी बहीण राहते. तिच्या कुंपणावरच्या नर वेलीच्या, संध्याकाळी उमलतील अशा कळ्या आम्ही ओल्या फडक्यात बांधल्या. बहिणीने एक कंदही उकरून दिला. म्हणाली, "बाया बहिणीकडून साडी नेतात, तू नवरे घेऊन चाललीस."

दिवस कलताना आम्ही बांधावर पोचलो. सून एकेक नर फूल मादीच्या फुलाला हलकेच टेकवत गेली. मुलगा आला.

"काय चाललंय?"

"लग्न लावतोय," सून म्हणाली. "अक्षता टाका, नाही तर बाजूला व्हा."

पोळ्याच्या आधी भाजी झाली, जेमतेम एका जेवणापुरती. मुलाने ताट पुसून खाल्लं आणि म्हणाला, "एवढ्याशा भाजीसाठी केळीच्या दोन ओळी सोडायच्या?"

"त्या ओळींना मे महिन्यात पाणी कुठून देशील ते सांग."

त्याने जेसीबी बोलावला नाही. तो पुन्हा विचारणार, मला माहीत आहे. पण सुनेने नराचा कंद बांधाच्या मधोमध लावलाय आणि भोवती बोरीच्या काट्या रोवल्यात. परवा मी तिकडे निंदायला निघाले तर म्हणाली, "आई, तिथे विळा नेऊ नका. तिथलं मी बघते."

मी विळा ठेवून दिला.