प्राचीच्या नावापुढची रेघ

कुंदाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी क्लिनिकच्या लॅबमध्ये होतो. रक्ताचे नमुने यंत्रात फिरत होते आणि ते थांबेपर्यंत हाताला काम नसतं, म्हणून फोन उघडला. कोल्हापूरहून त्यांच्या भाच्याचे दोनच ओळींचे शब्द. "आत्या सकाळी गेली. कुवेतला तुम्हाला आधी कळवायला सांगून ठेवलं होतं." मी दोनदा वाचलं. यंत्र थांबलं, नळ्या काढल्या, नावं ताडून स्टँडला लावल्या. लॅबमध्ये चूक चालत नाही. काम संपवून मग जिन्यात जाऊन बसलो. खरं सांगतो, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते एवढंच, की आता मला कोण विचारणार, "संगीताशी बोललास का?"

त्याच्या दोन महिने आधी ऑपरेशनसाठी त्या गावी निघाल्या, तेव्हा विमानतळावर मीच सोडायला गेलो होतो. व्हीलचेअर घ्या म्हटलं तर ऐकेनात. बॅग काट्यावर ठेवता ठेवता तोच प्रश्न. मी म्हटलं, "तुम्ही परत या ताई, तुमच्यासमोरच बोलतो." तर म्हणाल्या, "माझ्यासमोर कशाला? मी काय बिल्डिंगचा हारिस हाय, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसायला?" राखणदाराला इथे हारिस म्हणतात. आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात माझं उत्तर राहून गेलं... चार वर्षं ते असंच राहत आलं होतं.

आमची ओळख कुवेत शहरातल्या मिरकाब भागातल्या एका वकिली कचेरीत झाली. मी नोकरीच्या कागदांचं भाषांतर करून घ्यायला गेलो होतो, त्या तिथे इंग्रजी कागद तपासायच्या. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी उजेडाकडे धरलं, गावाचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "घरातला पहिला?" मी म्हटलं, "पहिला, आणि अजून तरी एकटाच." "मग खुर्चीच्या टोकावर कशाला बसलाईस? नीट बस की." माझे वडील सुतार. याच कुवेतमध्ये त्यांनी सोळा वर्षं कंत्राटावर दारं-खिडक्या बसवल्या, खैतानमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहून. त्यांच्या जिवावर मी बीएस्सी झालो, आणि हे मी कुणालाही सांगतो, त्यात लाज कसली? पण लाज एका गोष्टीची वाटायची. शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचे शिक्षण' असा रकाना असायचा आणि मी त्यात आडवी रेघ मारायचो. पुढचा माणूस फॉर्म घ्यायचा, त्याची नजर त्या रेघेवर थांबायची आणि मग माझ्यावर यायची. हे मी पहिल्याच भेटीत कुंदाताईंना का सांगितलं, माहीत नाही. त्यांच्याशी बोलताना माणूस न विचारलेलंही सांगायचा.

बाई असून त्या "मी गेलो", "मी वाचलो" असं बोलायच्या, कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं. माझी मुलगी ईशा लहानपणी त्यावर खुदखुदायची. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "वेळ नाही झाला." स्वयंपाक अगदीच बेताचा. चहा मात्र दुसऱ्याने केला की नाक मुरडायच्या. वकिली शिकून त्या शिष्यवृत्तीवर युरोपात गेल्या होत्या आणि तिथे दोन वर्षं मानवी हक्कांचा कायदा शिकल्या होत्या. त्यांचा विषय शाळा आणि धर्म. सरकारी शाळेत एका धर्माचा तास असेल तर बाकीच्या मुलांनी त्या वेळात काय करायचं? आपल्या श्रद्धेप्रमाणे, किंवा श्रद्धा नसेल तर तसं, मूल वाढवायचा आईबापांना हक्क आहे, तो शाळेने कुठवर जपायचा? मला आधी वाटलं, हा काय विषय झाला? आमच्या शाळेत सरस्वतीच्या तसबिरीला हार घालायचे, सगळे हात जोडायचे, संपलं. तसं बोललो तर म्हणाल्या, "सगळे जोडायचे, का सगळ्यांना जोडावे लागायचे? तू कधी विचारलंस?" मी कधीच विचारलं नव्हतं.

खैतानमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दर शुक्रवारी सकाळी मराठीचा वर्ग भरायचा. इथली आमची मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात, म्हणून हा खटाटोप. वाचन, लेखन, गोष्टी. पुढे पालकांनी धरलं की श्लोकही हवेत. कुंदाताईंना त्यात फारसा रस नव्हता. "तुम्हाला हवंय नव्हं? मग तू घे," असं म्हणून त्यांनी शेवटचा अर्धा तास माझ्याकडे दिला. मी तो फार मनापासून घ्यायचो. सुताराच्या पोराच्या तोंडून स्वच्छ उच्चार ऐकून दारात थांबलेले पालक माना डोलवायचे आणि मी फुगायचो. इथे आपला देवधर्म घरात, दार लावून. कुणी त्रास देत नाही, पण आवाज बाहेर जाऊ नये ही सवय आपोआप लागते. वीस-बावीस मुलं आणि मी, खिडक्या बंद करून हळू आवाजात म्हणायचो.

संगीताताई याच वर्गाच्या निमित्ताने भेटल्या. परभणीकडच्या, सरकारी इस्पितळात नर्स. नऊ वर्षांच्या प्राचीला घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मराठी शिकू द्या तिला. श्लोक मात्र नको." कुंदाताई "बरं" म्हणाल्या. एवढंच. त्या गेल्यावर मी विचारलं, "का नको म्हणे?" कुंदाताई माझ्यावर जवळजवळ ओरडल्याच. "ते विचारायचं नसतं! तिकडं कोर्टानंसुद्धा सांगितलंय, सवलत मागणाऱ्याला 'तू काय मानतोस ते आधी सांग' म्हणायचं नाही. सवलत मागायलाच आपलं अंतर उघडं करावं लागलं तर ती सवलत कसली?" पण आपल्या लोकांत न सांगता काय कळायचं राहतं का? त्यांचं घर बौद्ध आहे हे पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझा तास सुरू झाला की प्राची स्वयंपाकघरात कुंदाताईंबरोबर गोष्टीचं पुस्तक वाचत बसायची. मध्येच दोघींचं हसू ऐकू यायचं आणि माझी पोरं चुळबुळ करायची.

वर्षअखेरीला प्रमाणपत्रं द्यायची ठरली. छापून आणलेल्या कार्डांवर चार रकाने होते, वाचन, लेखन, वर्तन आणि श्लोकपाठांतर. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. कार्यक्रम दुपारी चारला, ताईंच्याच घरी. एकच्या सुमाराला मी सगळी कार्डं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मांडली आणि त्या एकेक वाचत गेल्या. प्राचीच्या कार्डापाशी थांबल्या. श्लोकपाठांतर या रकान्यात मी रेघ मारली होती. पट्टी लावून, सरळ.

"हे काय?"

"ती बसत नव्हती ना श्लोकांना. मग काय लिहिणार? रेघ मारली."

"बाकी कुणाच्या कार्डावर रेघ हाय?"

"नाही. बाकी सगळे बसतात."

त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मला एका मुलाची हकिगत सांगितली. युरोपातल्या एका देशातल्या शाळेत 'धर्म किंवा नीतिशास्त्र' असा एक विषय होता. या मुलाचे आईवडील देवधर्म मानणारे नव्हते, म्हणून तो धर्माच्या तासाला बसायचा नाही. नीतिशास्त्राचा तास हवा होता, तो शाळेने कधी ठेवलाच नाही. वर्षामागून वर्ष त्याच्या प्रगतिपुस्तकात त्या विषयापुढे आडवी रेघ येत राहिली आणि ती बघून कुणालाही कळायचं की हा आपल्यातला नाही. पोरं छळायची. आईबाप मानवी हक्कांच्या कोर्टात गेले आणि कोर्टाने त्या मुलाच्या बाजूने निकाल दिला. "एका रेघेवर, दिनेश. त्यावर मी चाळीस पानं लिहिल्यात, आणि माझ्याच टेबलावर तू तीच रेघ पट्टी लावून मारलीस!"

मला राग आला. शिकलेल्या माणसाला आपली चूक दाखवली की जो येतो तो. मी म्हटलं, "ताई, तो कायदा तिकडचा. खैतानात कुठला लागू व्हायला? आणि रेघच तर आहे."

"कायदा नाहीच लागू. पण पोरगी तर हितंच बसती नव्हं? तुझी ईशा शाळेत काय करती सांग. मुसलमान पोरं त्यांच्या धर्माच्या तासाला जातात तेव्हा ही कुठं जाती?"

"मॉरल सायन्सला."

"मग तिला मार्क मिळतात का रेघ?"

"मार्क," मी म्हटलं. त्यांनी आवाज खाली आणला. "वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात रेघ मारताना तुला काय वाटायचं, ते तूच मला सांगितलंस. आता त्याच हातानं..." त्यांनी प्राचीचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

जुम्म्याच्या नमाजानंतर खालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, उघडला तसा मी धावलो आणि साधे पांढरे कार्डबोर्डचे कागद घेऊन आलो. रकाने नाहीत, क्रमांक नाहीत. मुलाचं नाव, आणि वर्षभरात मराठीत ते काय शिकलं याचं एक वाक्य. वाक्यं त्यांनी सांगितली, मी लिहिली. चार वाजता लोक आले तेव्हा शेवटच्या कागदाची शाई ओली होती. गोंधळ झालाच. एक बाई म्हणाल्या, "आमच्या मुलीचा श्लोकांत पहिला नंबर आहे, तो कुठे गेला?" कुंदाताई म्हणाल्या, "तो तिच्या तोंडात हाय. म्हणायला सांगा की!" काही जण हसले, काही नाही. पुढच्या महिन्यात सहा घरांनी मुलं काढली. त्याचं ताईंना लागलं. दोन-तीन शुक्रवार चहाही घेतला नाही त्यांनी. पण माझ्या तासाचं नाव बदलून त्यांनी नुसतं 'पाठांतर' केलं. ज्याने त्याने घरचं काहीही पाठ करून यावं. कुणी श्लोक म्हणायचं, कुणी अभंग, प्राची बुद्धवंदना म्हणायची. आमच्या ईशाने एकदा एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला आणि सगळ्यांत जास्त टाळ्या घेतल्या.

त्या कार्यक्रमानंतर पसारा आवरताना त्या म्हणाल्या, "आता संगीताला तू सांगायचंस."

"काय सांगू? तिने ते कार्ड बघितलंच नाही!"

"म्हणून तर. बघितलं असतं तर तिनं विचारलं असतं. आता तुलाच जावं लागणार."

मी हो म्हटलं आणि गेलो नाही. संगीताताई दर शुक्रवारी भेटायच्या. "कसंय भाऊ?" विचारायच्या. मी तापमानाबद्दल बोलायचो, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाबद्दल बोलायचो. चार वर्षं. ज्या बाईने ते कार्ड कधीच पाहिलं नाही, तिला उगाच कशाला दुखवा, अशी समजूत मी स्वतःची घातली होती. समजूत घालण्यात पदवीधर माणूस फार पटाईत असतो.

ताई गेल्यावर भाच्याने कळवलं की घर महिनाअखेर रिकामं करायचंय, जमेल तसं आवरा. गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मी आणि संगीताताई तिथे गेलो. त्या स्वयंपाकघरातले कप कागदात गुंडाळत होत्या, मी पुस्तकं खोक्यात भरत होतो. कायद्याची जाडजूड पुस्तकं, समासात त्यांचं बारीक मोडी वळणाचं अक्षर. ते खोकं तसंच सोडून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चुकून मारली असं म्हणालो नाही. म्हटलं, "तिथे रेघच यायला हवी असं वाटलं मला. आणि... लोकांना दिसावं, असंही कुठेतरी वाटलं असेल. मी माफी मागायला हवी होती तेव्हाच."

त्यांनी हातातला कप नीट गुंडाळला, खोक्यात ठेवला. "मला माहीत होतं, भाऊ."

"कसं?"

"ताईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. म्हणल्या, कार्डं का बदलली ते तुला कळायला पाहिजे, तुझ्या पोरीचं आहे. कुणी लिहिलं ते नाही बोलल्या. म्हणल्या, तो माणूस येऊन सांगेल."

"मी लिहिलंय हे कळलं नाही तुम्हाला?"

"वीस कार्डं एका हातानं लिहिलेली, भाऊ. तुमच्याशिवाय असलं अक्षर कुणाचं आहे इथं?" त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं. "दोनदा ठरवलं होतं प्राचीला काढायचं. तुम्ही समोरून यायचे, गरमीचं बोलायचे, आणि मला वाटायचं, हा माणूस काही सांगत नाही. ताई म्हणायच्या, थांब गं, हळू हाय तो, पण येईल. म्हणून थांबले... त्यांनी बघायला पाहिजे होतं एवढंच."

मला वाटत आलं होतं की कुंदाताई माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून सारखं विचारतात. मी एकटाच टाळतोय असं समजत होतो. पलीकडे एक बाई चार वर्षं वाट बघत उभी होती, आणि तिलाही कुंदाताईच धरून होत्या.

वर्ग आता संगीताताईंच्या घरी भरतो, दोन गल्ल्या पलीकडे. ताईंच्या कपाटात सापडलेलं हजेरीचं पुस्तक मी तिकडे नेलं. हजेरी नेहमी कुंदाताईच घ्यायच्या, मी ते कधी उघडलंही नव्हतं. गेल्या शुक्रवारी एक नवीन मुलगी आली, सोबत आई. मी पेन काढलं. आई सांगू लागली, "नाव तन्वी, आडनाव..." मी पान बघत होतो. कुंदाताईंनी स्वतः पट्टीने आखलेले रकाने होते. नाव, फोन, सध्या काय वाचते. वरपासून खालपर्यंत सगळी नुसती नावं, दहा वर्षांतल्या सगळ्या मुलांची.

"आडनाव नको," मी म्हटलं.

"का हो? सगळीकडे तर विचारतात."

मी पुस्तक त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. "इथे त्याला जागाच ठेवलेली नाही."