पाइपाले हळद लागली

पहिले कबूल करा की हसणार नाही. बरं, हसा बाप्पा, पण कप खाली ठेवून हसा. साऱ्या पांढुर्ण्यात हा किस्सा मीठमसाला लावून फिरून राहिला आहे. म्हटलं, दुसऱ्यानं आपली इज्जत काढण्यापेक्षा आपणच काढलेली बरी!

मी वसंता. नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. अन् माझा स्वभाव कसा, तर पोटात गोष्ट राहत नाही. मागं अंगणात बोअर मारायची ठरली, तर मशीन यायच्या आधीच मी गल्लीत पेढे वाटले. पाणीखात्याच्या माणसाची बोअर! लोक पाहाले जमले. अन् निघालं काय? पांढरा फुफाटा. माझ्या मिशीवर बसला तो. तेव्हापासून समोरच्या शांताकाकू मी दिसलो की विचारते, "वसंता, लागलं का गा पाणी?"

त्या दिवशी मी कानाले खडा लावला. काम झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नजर लागते लोकांची!

म्हणून घरावर सोलर घ्यायचं ठरलं तेव्हा मी मायले, बायकोले, पोरीले, सगळ्याईले बजावलं, "प्लेटा बसून घरातला पंखा फिरेपर्यंत बाहेर एक अक्षर नाही सांगायचं." आता सांगा, यात माझं काय चुकलं?

आमचं घर कौलारू, कवेलूचं. फिटर गुड्डू आला, वर पाहिलं, अन् म्हणे, "भाऊ, कवेलूवर ढाचा नाही बसत. अन् बसवला तरी हे तुमचे संत्री खाणारे माकडं प्लेटाईवर घसरगुंडी खेळतीन. जमिनीवरच उभा करू." मागच्या बाजूनं संत्र्याच्या झाडाईची सावली. उन्ह पडते फक्त समोरच्या अंगणात, रस्त्याले लागून. मंग तिथंच खुणा केल्या.

गुड्डू म्हणे, कमरेएवढा ढाचा पुरे. पण माय आडवी आली. "माह्या अंगणात मीच वाकून चालू का रे? उंच कर!" आमच्या घरी मायचा शब्द म्हणजे शेवटचा. मंग काय, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईन एवढे उंच पाइप आणले.

आता जरा डोळ्यासमोर आणा. लग्नसराईचे दिवस. रस्त्याच्या कडेचं अंगण. चार कोपऱ्याले चार उंच खांब, वरतं आडवे पाइप. तुमाले काय दिसलं? हो ना? मले मात्र सोलरच दिसून राहिलं होतं!

अन् घरात लग्नाची पोरगी आहे, हे तर सांगायचं राहिलंच.

माझी प्रणाली इथल्या शाळेत शिकवते. सौंसरचं एक स्थळ तिले पाहाले येऊन गेलं होतं. पोरगा निखिल, दूध डेअरीत नोकरीले. दोघं मागं संत्र्याच्या झाडाखाली बोलाले बसले ते उठतच नव्हते. पोरीनं दुसऱ्यांदा चहा ठेवला, तेव्हाच मी समजलो, हिले पसंत आहे. निखिलचे वडील देवरावजी मोठे सरळ माणूस. जाताना म्हणाले, "लोधीखेड्याले माझी थोरली बहीण आहे. घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. तिले विचारून निरोप देतो."

निरोप काही येईना. पोरगी भाकरी थापता थापता मोबाईल पाहे. मी पेपराच्या आडून तिच्याकडं पाहो. विचारायची हिंमत ना तिची, ना माझी. बापाचं काळीज आहे जी, गलबलून येत होतं.

तर, ज्या दिवशी पहिला पाइप गड्ड्यात उभा करायचा, त्या दिवशी माय आडवी आली. पुन्हा!

"जमिनीत खांब रोवता अन् पूजा नाही?"

"माय, हे सोलर आहे. याले कशाची पूजा?"

"बोअरच्या वेळीही असाच म्हणला होता. लागलं का पाणी?"

मी गुमान नारळ आणाले गेलो. येतो तर मायनं गल्लीतल्या पाच सवासणी बोलावून ठेवलेल्या. पाइपाले हळद लावली, कुंकू लावलं. आंब्याचा डहाळा बांधला. गड्ड्यात सुपारी अन् तांब्याचा पैसा टाकला. बायका एकमेकींच्या ओट्या भरून राहिल्या. गुड्डू हातात पाना घेऊन बाजूले उभा, त्यानं आपली टोपी काढली बिचाऱ्यानं.

शांताकाकूनं विचारलं, "वसंता, कशाची पूजा गा?"

माय म्हणे, "शुभ काम आहे."

अन् मी काय केलं असंन? मी ओठावर बोट ठेवलं अन् डोळा बारीक करून हसलो. असा! अगदी असाच हसलो!

त्या हसण्यानं माझा घात केला.

ढाचा उभा झाला. प्लेटा मात्र नागपूरहून यायच्या होत्या, त्या येईनात. सिमेंट ताजं, म्हणून माय रोज सकाळी आंघोळ करून तांब्यानं चारही खांबाईले पाणी घाले. घातलं की हात जोडे. तिले सवय आहे, ती तुळशीलेही जोडते अन् गॅसच्या टाकीलेही जोडते. वरतून उन्हाळ्याचं काम निघालं. बायकोनं त्याच ढाच्यावर हिरवी जाळी बांधून घेतली अन् खाली खाटांवर पापड, कुरोड्या वाळू घातल्या. एवढ्या की खाटा कमी पडल्या.

मले रस्त्यात लोक थांबवू लागले. "अभिनंदन, वसंताभाऊ!" म्हटलं, घ्या, फुटली बातमी! नक्की गुड्डूच बोलला असंन. मी घाईघाईनं त्याईचा हात धरो अन् म्हणो, "हळू बोला जी! कोणाले सांगू नोका, अजून सारं पार पडाचं आहे." लोक माझ्याकडं मोठ्या दयेनं पाहत. मी म्हणो, चांगले लोक आहेत आपल्या गावात.

मंग एका दुपारी तिगाववरून फोन आला. साळा, दिनेश. प्रणालीचा मामा.

"भाऊजी, मामा मेला का तुमच्यासाठी?"

"अरे, झालं काय?"

"सख्ख्या भाचीचा मांडव पडला, अन् मले रेल्वे फाटकावरच्या पानवाल्यानं सांगतलं! मामाशिवाय पोरगी बोहल्यावर कशी चढते तेच पाहतो मी! अन् लपवता काहून? पोरात काही खोट आहे का?"

मी अंगणाकडं पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं म्हणा ना! उंच खांब. हिरवी जाळी. आंब्याचा डहाळा. खाली पापड. अन् हात जोडून उभी माझी माय.

मले असं हसू सुटलं, असं सुटलं की मी खाटेवर बसलो. खाटेवर कुरोड्या होत्या. त्याईचा भुगा झाला, पण माझं हसणं काही थांबेना. बायकोले सांगतलं. ती नाही हसली.

"हसता काय?" ती म्हणे. "तिगावाले समजलं. सौंसरले समजलं असंन तं?"

माझं हसू तिथंच वाळलं.

शांताकाकूची बहीण लोधीखेड्याले दिली आहे. अन् देवरावजीची थोरली बहीण कुठं? लोधीखेड्याले!

तेवढ्यात प्रणाली शाळेतून आली. चप्पलही काढली नाही तिनं. मोबाईल माझ्यासमोर धरला. निखिलचा मेसेज होता. "अभिनंदन. सुखी राहा."

"बाबा, हे काय आहे? मी फोन करून राहिली तर उचलत नाही तो. तुम्ही कोणाले काही बोलले का?"

आता काय सांगू लेकराले? की बाई, तुझा बाप आयुष्यात एकदाच गप्प बसला, अन् त्यानंच घोटाळा केला? ती मोरीकडं गेली अन् नळ सुरू करून ठेवला. पाणीखात्यात इतके वर्षं झाले माझे, भांड्यावर पडणारं पाणी कोणतं अन् रडणं झाकाले सोडलेलं पाणी कोणतं, एवढं मले समजते. लय वाईट वाटलं जी. स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटली.

देवरावजीले फोन लावला.

"वसंताभाऊ, पोरगी तुमची आहे, कुठंही द्या," ते म्हणाले. आवाज एकदम थंडा. "पण आम्ही निरोप देतो म्हटलं होतं. जरा दम धराचा होता."

"देवरावजी, तो मांडव नाही, सोलरचा ढाचा आहे!"

"लोखंडाच्या ढाच्याले पाच सवासणी?"

"मायनं बोलावल्या!"

"अन् आंब्याचा डहाळा?"

"तोही मायनंच!"

"असं," म्हणाले, अन् फोन ठेवला.

तुमीच सांगा, तुमी विश्वास ठेवला असता? मीही नसता ठेवला!

मी मोटरसायकल काढली. गुड्डूले साक्षीदार म्हणून मागं बसवलं. त्याच्या मांडीवर पुरावा म्हणून उरलेल्या पाइपाचा तुकडा, प्लेट धराचे दोन क्लॅम्प अन् मूठभर नटबोल्ट. सौंसरपर्यंत तो पाइपाचा तुकडा माझ्या पाठीत टोचत होता. म्हटलं, टोच बाबा, हक्क आहे तुझा.

देवरावजीच्या ओसरीवर निखिलच्या आत्याबाई बसल्याच होत्या. लोधीखेड्यावरून खास आलेल्या. नाकात नथनी, हातात सुपारीचा अडकित्ता, अन् नजर अशी की माणसानं न केलेलं पाप कबूल करावं. निखिल दाराच्या आड उभा, चेहरा पडलेला. मी नमस्कार केला अन् सतरंजीवर पाइप, क्लॅम्प, नटबोल्ट मांडले. नारळ अन् साडी मांडाच्या जागी भंगार मांडणारा पोरीचा बाप त्या घरानं पहिल्यांदाच पाहिला असंन.

आत्याबाईनं क्लॅम्प उचलून पाहिला. "हे काय होय?"

गुड्डू म्हणे, "मावशी, यानं प्लेट धरून ठेवतात. वारा आला तर उडत नाही."

"अन् पूजा कोणं सांगतली? तुह्या कंपनीनं?"

"नाही जी. याईच्या मायनं. मी तर पाना घेऊन उभाच होतो."

आत्याबाईनं सुपारी कातरली. लय सावकाश कातरली. मंग म्हणे, "मी उद्या येते. डोळ्यानं पाहीन, मंग बोलीन."

दुसऱ्या दिवशी आल्या. सोबत देवरावजी अन् निखिल. गल्लीतले दरवाजे असे उघडे, जसा गणपतीच येऊन राहिला आहे. आत्याबाईनं ढाच्याभोवती एक चक्कर मारली. खांबाले बोटानं टिचकी मारून पाहिली. मंग मायसमोर उभ्या राहिल्या.

"काहून हो बाई, लोखंडाले कोणी सवासणी बोलावते का?"

माय काय दबते? "आमच्या वसंतानं बोअर मारली तेव्हा नाही बोलावल्या. कोरडी गेली. आता सूर्याले घरी बोलावून राहिलो, तर त्याच्या खांबाले कुंकू नाही लावाचं?"

आत्याबाईनं डहाळ्याकडं पाहिलं, मंग मायकडं.

"हे मात्र बराबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या देवरावनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी यालेच सांगून राहिली होती, सवासणी बोलाव. आयकलं नाही यानं. पहिल्याच दिवशी नाल्यात गेला."

देवरावजी जमिनीकडं पाहू लागले. माय लगेच सरकली अन् आत्याबाईले खाटेवर जागा करून दिली. दोघी बुढ्या हिरव्या जाळीखाली बसून कच्च्या पापडाचा तुकडा मोडून चाखू लागल्या. झालं! माझी काही गरजच उरली नाही.

चहा झाल्यावर आत्याबाई म्हणे, "पोरगी तर मले फोटोतच पसंत होती. अमावस्या लागली होती, म्हटलं चांगला दिवस पाहून निरोप देऊ. तेवढ्यात तुमीच मांडव टाकून बसले!"

मी प्रणालीकडं पाहिलं. ती निखिलले चहा देऊन राहिली होती. कप देता देता हळूच म्हणे, "सुखी राहा." पोरानं अर्धा चहा शर्टावर सांडला. मी तोंड फिरवून खांबाले टेकलो. डोळे भरून आले होते, खोटं काहून बोलू.

साक्षगंध झालं. प्लेटाही आल्या, बसल्या, पंखा गरगर फिरला. सारं मनासारखं झालं. पण आता लग्न म्हटलं की मांडव आला, अन् अंगणात तर सोलर! मंग उरलेल्या जागेत, ढाच्याले लागूनच, खराखुरा मांडव टाकाचं ठरलं.

या वेळी मी पहिल्यासारखी चूक करतो का? छे! या वेळी मी स्वतः घरोघरी गेलो. शांताकाकूच्या दारात उभा राहून खणखणीत आवाजात सांगतलं, "काकू, उद्या मेढ आहे. प्रणालीच्या लग्नाचा मांडव! सवासण म्हणून या बरं."

काकूनं मले खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जाय रे वसंता. मागच्या खेपी पाइप पुजाले नेलं, आता काय मीटर पुजाले नेतं?"

पाचही घरी तेच. एकीनं तर दारातूनच विचारलं, "अजून किती प्लेटा लावता भाऊ?" सांगून सांगून माझा घसा बसला, पण कोणी मानाले तयार नाही.

शेवटी म्हटलं, निदान मामाले तर मानानं बोलवावं. तिगावाले फोन लावला. आवाज अगदी गोड केला.

"दिनेश, उद्या सकाळी प्रणालीच्या लग्नाची मेढ रोवाची आहे. सगळ्यात पहिले तुलेच सांगून राहिलो बरं का."

मंग साळा म्हणे,

"भाऊजी, या खेपी किती किलोवॅटचं बसवता?"