रडूबाईची तक्रार

ओमानमध्ये, बरकाच्या मैदानावर आमचं शुक्रवार सकाळचं टेनिस बॉल क्रिकेट चालतं. समोरच्या रायगडवाल्यांच्या टीमचा मॅनेजर सारखा अंपायरकडे धावतो.

"आली रडूबाई!" आम्ही रत्नागिरीवाले ओरडतो.

"तुमच्यासारखं मुकाट बसायचं काय?" तिकडून उत्तर येतं.

एकदा आमच्या कॅप्टनने त्याला मैदानाबाहेर काढायचा अर्ज माझ्यापुढे सहीला धरला. मी मोर्च्यांची, मागण्यांची पत्रकं वाचत वाढलेलो. तक्रार हा गुन्हा कधीपासून झाला?

"पण तो म्हणतो काय?" मी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी त्यालाच गाठलं.

"बॅट्समनच्या डोळ्यांवर ऊन येतं, बॅटिंगची बाजू बदला म्हणतोय," तो म्हणाला. "आता बॅटिंग तुमचीच आहे, भावा."

मी अर्ज सहीविना परत दिला. कॅप्टनला म्हटलं, "आधी क्रीजवर उभा राहून बघ."