झिजलेल्या पहाडाचा साक्षीदार

आमच्या गोरेगावजवळच्या टेकाडावर, दगड फोडून खडी करणाऱ्या गिट्टीवाल्यांची मशीन आली. एक अनोळखी भूगर्भवाला हातोडीसकट खडकावर ठाण मांडून असा गरजला, की नागझिऱ्याचे वाघ छत्तीसगडात पळाले.

"दगडातले हे लाल खडे बघा! असे खडे जमिनीत खोलवरच बनतात. हा दगड दहा कोस खोल शिजलाय. वरचा अख्खा पहाड झिजला, तेव्हा वर आला. त्या पहाडाचा हाच साक्षीदार, आणि याची गिट्टी करता?"

"पहाड कुठी दिसून राहिला जी?" मशीनचा ड्रायव्हर हसला.

माझंही डोकं तापलं. मी गुपचूप खडकाला शेंदूर फासला. मशीन हात जोडून माघारी गेली.

मग भूगर्भवाल्या साहेबांनी दगडाच्या नमुन्यासाठी हातोडी उगारली, तशी गावातली एक म्हातारी धावली. "देवाले कायले मारून राहिला बे?"

"अहो, मीच वाचवलं याला!"

"देवाले वाचवणारा तू कोण?" म्हातारी त्याच्याहून मोठ्यानं गरजली.